जिवाभावाची टोळी, अलिबाग आणि पोपटी

थंडीतला शनिवार-रविवार मोकळा असेल तर मित्रांना गोळा करून अलिबाग गाठाच! भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवली की तासाभरात मांडवा.

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मगच बेत ठरवा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किल्ला शिवछत्रपतींनी बांधायला घेतला, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. चहूबाजूंनी खारं पाणी, तरी आत गोड्या पाण्याचा तलाव! गणपतीच्या देवळाबाहेर निवांत टेका. पाणी चढायच्या आत मात्र परत फिरा.

दुपारी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. मला हे गाव किल्ल्याइतकंच मोलाचं वाटतं.

पण खरी मजा रात्रीची, पोपटीची! मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ. पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाणी थेंबभरही नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं. कुणी जाळ सांभाळतो, कुणी गाणी. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र आवाज आला की पोपटी झाली.

शेंगा जानेवारी-फेब्रुवारीत कोवळ्या मिळतात, तेव्हाच जा.