पानशेतचा धडा आणि नवउद्योजक

आंबी नदीवरील पानशेत धरणाचे काम अपुरे असतानाच पाणी साठले आणि १२ जुलै १९६१ रोजी बांध फुटून पुण्यात महापूर आला. त्याच परिसरात पर्यटकांच्या हंगामावर व्यवसाय मांडणाऱ्या तरुणांनी हा धडा ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अंगुत्तर निकायातील दीघजाणू सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या ऐहिक हितासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: उद्यमशीलता, अर्जिताचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत व आयव्ययाचा समतोल. मद्य, जुगार, स्वैराचार आणि कुसंगती या धनाचे तळे रिते करणाऱ्या चार वाटा होत. म्हणून हंगामाची मिळकत हाती येताच रिकाम्या महिन्यांचे भाडे व कर्जाचे हप्ते प्रथम बाजूला काढावेत. पाया पक्का होण्यापूर्वी उसन्या पैशावर पसारा वाढविणे म्हणजे अपुऱ्या बांधामागे पाणी साठविणे होय.