वीज बिल : आधी अंदाज, मागाहून हिशेब

बोरिवलीच्या घरात एसी सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या विजेचा खर्च कागदावर मांडून झालेला असतो. वीज कंपनी पुढच्या काही वर्षांचा अंदाज बांधते. किती युनिट खपतील, वीज कितीला पडेल, पगार, कर्जाचं व्याज, केबलची झीज, भागधारकांचा परतावा. या बेरजेला अपेक्षित युनिटांनी भागलं की सरासरी दर हाती येतो. हे आकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोग तपासतो आणि न पटलेल्या खर्चाला कात्री लावतो.

अंदाज चुकला तर? वर्ष सरल्यावर खरे हिशेब मांडले जातात. राहिलेली तूट पुढच्या दरात व्याजासकट चढते. जादा वसुली झाली असेल तर तीही व्याजासकट ग्राहकाच्या खात्यात वळती होते. म्हणजे आजच्या दरात मागच्या वर्षांचाही वाटा असतो! इंधन आणि वीजखरेदी महागली तर मात्र एवढी वाट पाहत नाहीत, ‘इंधन समायोजन आकार’ मध्येच येऊन बसतो.

मुंबईत वीज कंपनीही भागागणिक बदलते : मुलुंडला महावितरण, घाटकोपरला अदानी. अदानीचं हे जाळं 1929 सालच्या बीएसईएस या कंपनीचं. मध्ये रिलायन्सकडे होतं, 2018 मध्ये अदानीकडे आलं. अंधेरीत तर वीज टाटाची आणि तारा अदानीच्या, असंही चालतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटाला किरकोळ ग्राहकांना वीज विकायची मुभा दिली, त्यानंतरची ही सोय. तारांचं भाडं म्हणजे बिलातला ‘वहन आकार’.

एक गैरसमज घरोघरी आहे : 301वं युनिट पडलं की अख्खं बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. पहिली 100 युनिट पहिल्याच दराने, पुढची 200 दुसऱ्या दराने, आणि वरचा दर फक्त 300 च्या पुढच्या युनिटांना. 16 टक्के वीज शुल्क मात्र स्थिर आकारासकट सगळ्यावर बसतं.

अंदाजाचा सर्वात मोठा झटका 2020 चा. कोरोनाच्या टाळेबंदीत मीटर वाचायला कुणी येईना, म्हणून महावितरणने डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीवर बिलं पाठवली. सरासरी थंडीची, वापर मात्र एप्रिल-मेचा, आणि तोही सगळं कुटुंब दिवसभर घरात असताना! जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झालं आणि राहिलेला फरक एकदम अंगावर आला. लोक हादरले, ते साहजिकच होतं. शेवटी आयोगाने बिल फार फुगलेल्यांना तीन हप्त्यांची सवलत दिली.

दर ठरण्याआधी जनसुनावणी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कंपनीच्या याचिकेचा सारांश मराठी दैनिकांतही छापावा लागतो. हरकत कुणीही पाठवू शकतो, आणि सुनावणीत बोलायला वकील लागत नाही.