विश्लेषण : ‘सर्वात मोठा पाऊस’ कसा ठरतो? जव्हार-मोखाड्यात या आकड्याला एवढे महत्त्व का?

मुसळधार पावसाचा दिवस उजाडला की हवामानाची आवड असणाऱ्यांची आकडेमोड सुरू होते. हा पाऊस २००५ च्या तुलनेत किती, ‘तौक्ते’च्या वेळी किती झाला होता, डहाणूत जास्त की जव्हारला, अशी तुलना रंगते. पालघर जिल्ह्यात एका बाजूला समुद्रकिनारा आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचा पायथा असल्याने या तुलनेला भरपूर वाव आहे. मात्र जव्हार-मोखाड्यातील भात, नाचणी आणि वरई पिकवणाऱ्या शेतकऱ्यासाठी पर्जन्यमापकातील आकड्याचे मोल वेगळे आहे. पिकाच्या नुकसानीची दखल घेतली जाणार की नाही, हे अनेकदा त्यावर ठरते.

पाऊस मोजतात कसा?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर सपाट जागेवर एक लिटर पाणी. साध्या पर्जन्यमापकात ठरावीक क्षेत्रफळाच्या तोंडातून पाणी बाटलीत जमा होते आणि ते मोजपात्राने मोजतात. स्वयंचलित यंत्रात छोटी दोलायमान पात्रे असतात. एक भरून कलंडले की दुसरे भरू लागते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. अतिशय जोराच्या सरींत पात्र कलंडण्याच्या क्षणी थोडे पाणी निसटते, त्यामुळे हे यंत्र पाऊस काहीसा कमी दाखवू शकते. सोसाट्याच्या वाऱ्यातही थेंब मापकाच्या तोंडावरून वाहून जातात. वादळी पाऊस मोजणे म्हणूनच अवघड असते.

जागाही महत्त्वाची. मापकाचे तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर असावे आणि जवळचे झाड वा इमारत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी, असा दंडक आहे. अंगणात ठेवलेल्या पसरट तोंडाच्या बादलीतील पाण्याची उंची मोजून विक्रम सांगता येत नाही. बादली वर रुंद आणि तळाशी अरुंद असल्याने पाण्याची पातळी प्रत्यक्ष पावसापेक्षा जास्त दिसते.

‘२४ तास’ कोणते?

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजणी त्या सकाळच्या तारखेला नोंदवली जाते. सांताक्रूझ वेधशाळेतील ९४४ मि.मी. पाऊस लोकांच्या स्मरणात २६ जुलै २००५ चा आहे. तो २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आकडा आहे. बहुतांश पाऊस २६ च्या दुपारनंतर कोसळला, म्हणून तो एकाच नोंदीत सामावला. हाच पाऊस मध्यरात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडला असता, तर तो दोन दिवसांत विभागला गेला असता आणि विक्रमाचा आकडा लहान झाला असता.

कालावधी बदलला की विक्रमाचा मानकरीही बदलतो. २४ तासांचा जागतिक विक्रम हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील फॉक-फॉक या ठिकाणाचा आहे. तेथे जानेवारी १९६६ मध्ये १,८२५ मि.मी. पाऊस झाला. ४८ तासांचा विक्रम मात्र चेरापुंजीच्या नावावर आहे. तेथे जून १९९५ मध्ये दोन दिवसांत २,४९३ मि.मी. पाऊस नोंदवला गेला.

एकाच दिवशी जवळच्या दोन ठिकाणी एवढा फरक कसा?

ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मि.मी.देखील झाला नव्हता. उंच वाढलेले ढग छोट्या क्षेत्रावर रिकामे होतात, तेव्हा काही किलोमीटरवर चित्र पार बदलते.

डोंगराळ भागात यात उंचीची भर पडते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि तेथील वार्षिक पाऊस साधारण तीन हजार मि.मी.च्या घरात जातो. मोखाड्यात सूर्यमाळ, खोडाळ्याकडचा भाग आणि वैतरणेचे खोरे यांत उंची आणि उतार सतत बदलतात. एका पाड्यावर झोडपणारा पाऊस दरीपलीकडच्या पाड्यावर रिमझिमच असू शकतो. घाटमाथ्यावर आकडे आणखी चढतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मि.मी. पाऊस झाला होता.

चक्रीवादळाची आणि मोसमी पावसाची तुलना करता येते का?

‘तौक्ते’ चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी कोकण किनाऱ्याला समांतर सरकत त्या रात्री गुजरातमध्ये उनाजवळ धडकले. सांताक्रूझला २४ तासांत २३० मि.मी. पाऊस झाला. जुलैत असा आकडा अधूनमधून येतो. मे महिन्यासाठी तो विक्रमी होता आणि त्याला वादळी वाऱ्याची जोड होती. केवळ मिलिमीटर पाहिले तर ‘तौक्ते’ २००५ पुढे किरकोळ वाटेल. पण घरांचे पत्रे, आंब्याच्या बागा, विजेचे खांब यांचे नुकसान पावसाच्या आकड्यात दिसत नाही. त्यामुळे दोन वादळांची तुलना करताना पाऊस, वाऱ्याचा वेग आणि हंगाम ही तिन्ही मापे समोर हवीत.

बर्फाच्या वादळांबाबतही हाच वाद?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिमवादळांची अशीच तुलना होते आणि तेथेही वाद मोजणीवरच अडतो. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फेब्रुवारी २००६ च्या वादळात २६.९ इंच बर्फ पडला, तो विक्रम ठरला. जानेवारी २०१६ च्या वादळात सुरुवातीला २६.८ इंचांची नोंद झाली आणि विक्रम एक दशांश इंचाने हुकला असे मानले गेले. नंतर मोजणीचा आढावा घेतला असता आकडा सांगताना गफलत झाल्याचे आढळले आणि सुधारित नोंद २७.५ इंच झाली. विक्रम तीन महिन्यांनी बदलला.

बर्फ मोजणे पावसाहून किचकट असते. पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. फळी दर तासाला साफ करून मोजले तर एकूण बेरीज जास्त येते, म्हणून ती सहा तासांतून एकदाच साफ करावी असा तेथील नियम आहे. मोजण्याची रीत सारखी नसेल, तर तुलनाच खोटी ठरते. पावसालाही हे तत्त्व लागू पडते.

शेतकऱ्याच्या मदतीशी आकड्याचा संबंध काय?

राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असल्यास मदतीचा विचार होतो. ही नोंद मुख्यतः ‘महावेध’ प्रकल्पातील मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांवरून घेतली जाते. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. मैदानी मुलखात एका केंद्रावरून मंडळाचा अंदाज बऱ्यापैकी येतो. डोंगर-दऱ्यांच्या मंडळात केंद्र एका खोऱ्यात आणि ढगांनी झोडपलेला पाडा दुसऱ्या खोऱ्यात, असे होऊ शकते.

वेळेचा प्रश्नही आहेच. समजा, पहाटेपासून साडेआठपर्यंत ४० मि.मी. आणि त्यानंतर दुपारपर्यंत आणखी ४० मि.मी. पाऊस झाला. सलग पावसाची बेरीज ८० मि.मी., पण नोंदीत दोन्ही दिवस ६५ च्या आत. शिवाय जव्हार-मोखाड्यात जुलैत ६५ मि.मी. पाऊस नवलाचा नाही आणि भाताच्या रोपांना तो सोसतो. ऑक्टोबरात कापून शेतात पसरलेल्या भातावर ३० मि.मी. पाऊसही घात करतो. सततच्या पावसाने होणाऱ्या नुकसानीलाही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला, त्यामागे एका दिवसाच्या आकड्याची हीच मर्यादा होती. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ प्रकल्पात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची योजना आहे. डोंगराळ तालुक्यांना तिचा उपयोग सर्वाधिक.

एवढा पाऊस, तरी टँकर का?

मोठ्या आकड्याचा अर्थ भरपूर पाणी असा होत नाही. पाऊस चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र आहेत, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण बेसॉल्ट. पाणी मुरण्याआधीच ओढ्या-नद्यांतून निघून जाते. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण याच परिसरात उभे आहे. तरी उन्हाळ्यात मोखाड्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. वार्षिक बेरजेइतकेच महत्त्व पाऊस किती दिवसांत पडला आणि त्यातला किती अडला, याला आहे.

तुलना करताना काय पाहावे?

पावसाचा आकडा समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात. मोजणी कोणत्या केंद्रावर झाली? किती तासांची आणि कोणत्या वेळेपर्यंतची? यंत्र कोणते होते? आणि त्या ठिकाणी, त्या महिन्यात नेहमी किती पाऊस पडतो? या चारांची उत्तरे असतील, तर तुलनेला अर्थ येतो. हवामानाची आवड असणाऱ्यांनी गावात साधा, नियमाप्रमाणे बसवलेला पर्जन्यमापक ठेवून रोज साडेआठला नोंद केली, तर तिला सरकारी मान्यता नसली तरी मंडळाच्या आकड्यात न दिसणारा पाऊस दाखवून देता येईल. पंचनाम्याची मागणी करताना वहीतील अशी तारीखवार नोंद हाताशी असणे ‘यंदा फार पडला’ या सांगण्यापेक्षा नक्कीच वजनदार ठरते.