आधी कुठली भाषा परतते?

तंजावूरच्या शहाजीराजांनी (राज्यकाळ 1684 ते 1712) ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक रचलं. त्यातली पात्रं संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी बोलतात. राजवाड्यातली ही हौस बाहेर रोजचा व्यवहार होती. तंजावुरी मराठी घरात आजही आजीशी मराठी, बाजारात तमिळ आणि कचेरीत इंग्रजी चालते, आणि भाषा कधी बदलली हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, तर त्यातली कुठली भाषा आधी परतेल?

मेंदूचा रक्तपुरवठा बिघडतो तो रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने. तुंबण्याचं प्रमाण बरंच जास्त. चरबी साचून अरुंद झालेल्या धमनीत रक्ताची गुठळी धरते, नाहीतर ती हृदयातून वाहत येते: ठोके अनियमित असले किंवा लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप खराब झाली असली, की हा धोका असतो. फुटण्यामागे बहुधा वर्षानुवर्षं मोजलाच न गेलेला रक्तदाब असतो. क्वचित गुठळी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत होते, आणि त्यात बाळंतिणी बऱ्याच असतात. बाळंतिणीचं पाणी तोडण्याची रीत अजून काही घरांत आहे. पाणी कमी पडलं की रक्त दाटतं. ही रीत जितक्या लवकर मोडेल तितकं बरं.

तुंबलं की फुटलं, हे वरून कळत नाही. सीटी स्कॅन लागतो. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊन पाहणं धोक्याचं: रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी धमनी तुंबली असेल तर काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते, पण थांबण्यात नुकसानच आहे. अशा झटक्यात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे.

उजव्या मेंदूला इजा झाली तर डावा हात-पाय लुळा पडतोच; काहींना ताटाची डावी बाजू असल्याचंही भान राहत नाही. भाषा मात्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये पुढच्या भागातली इजा दाखवून दिली: माणसाला बरंचसं समजतं, शब्द मात्र फुटत नाही. मागच्या भागात इजा झाली तर तो अस्खलित पण निरर्थक बोलतो. हे वेडाचं लक्षण नव्हे, पण नातेवाईक नेमकं तेच समजतात.

बहुभाषिकांबद्दल फ्रान्समध्येच दोन मतं निघाली. रिबो यांच्या मते आधी शिकलेली भाषा टिकते. पीत्र यांनी 1895 मध्ये म्हटलं, झटक्यापूर्वी जी जास्त वापरात होती ती आधी परतते. तंजावूरच्या मराठी माणसाला पहिल्या मताने मराठी मिळेल, दुसऱ्याने बहुधा तमिळ. प्रत्यक्षात बहुतेकांच्या भाषा बरोबरीनेच सुधारतात; एक पुढे, दुसरी मागे असं थोड्यांचं होतं. मला दोन्ही नियमांपेक्षा हे वास्तव अधिक पटतं, कारण आपल्याकडे घर आणि बाजार अशा सरळ कप्प्यांत भाषा राहतच नाहीत.

हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या 608 रुग्णांचा अभ्यास 2016 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहिलेले द्विभाषिकांत 40.5 टक्के होते, एकभाषिकांत 19.6. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे दुसरी भाषा विचारशक्तीला आधार देत असावी, जिभेला नाही.

तंजावूरच्या रुग्णालयात वाचा-उपचार तमिळमध्ये होणार, हे ओघानेच आलं. रुग्ण तमिळ प्रश्नाला गप्प राहिला आणि घरी लेकीला मराठीत पाणी मागितलं, तर ही गोष्ट उपचारकाला घरच्यांनीच सांगायची असते: कुठली भाषा कोणत्या वयात आली, कुणाशी बोलली जायची, हिशेब कुठल्या भाषेत व्हायचा. केसपेपरवर त्यासाठी रकाना नसतो.