राळ्याचा भात आणि येनानची वाट

२६ डिसेंबर २०२५ ला चीनमध्ये शिआन ते येनान हा वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला. अंतर २९९ किलोमीटर, सगळ्यांत जलद गाडीला लागणारा वेळ एक तास आठ मिनिटे. या मार्गामुळे चीनच्या वेगवान रेल्वेचे जाळे ५० हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि बातमी झाली ती या आकड्याची. पण सोलापूर-धाराशिवच्या वाचकाने थांबावे असा शब्द त्या बातमीत दुसराच होता, येनान. सोलापूरचा २८ वर्षांचा एक डॉक्टर याच वाटेने, कच्च्या रस्त्यावरून, ऐन थंडीत मोटारट्रकमध्ये बसून तिथे पोहोचला होता. तारीख होती १२ फेब्रुवारी १९३९.

त्याआधी दोन महिने आणखी एक बातमी येऊन गेली होती. पाच वर्षांहून जास्त काळ बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली आणि पहिले विमान कोलकात्याहून ग्वांगझूला गेले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी चीनमध्ये पाहिलेले पहिले मोठे शहरही ग्वांगझूच, तेव्हाचे कँटन. १ सप्टेंबर १९३८ ला ते ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि हाँगकाँगमार्गे १७ तारखेला ग्वांगझूला उतरले. दोन्ही बातम्यांचा एकच धागा सोलापूरच्या एका घरापर्यंत येतो. विमाने पुन्हा उडू लागल्यावर आपल्याकडची मुले-मुली नोकरीला, व्यापाराला, शिकायला पुन्हा चीनकडे निघतील. त्यांच्यासाठी कोटणीसांचा प्रवास नीट उलगडून पाहायला हवा. पुतळ्याला हार घालण्यापुरता हा माणूस आठवणे पुरेसे नाही.

कथा ढोबळपणे सगळ्यांना ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर जनरल चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाचांत दोघे मराठी होते, हे मात्र आपण विसरतो. डॉ. चोळकर नागपूरचे, आणि वयाने पथकात सर्वांत मोठे. कोटणीसांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून डॉक्टरकी नुकतीच पुरी केली होती. ज्या सोलापुरात १९३० साली इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि ज्याच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, त्या शहरातला हा तरुण. परदेशी सत्तेखाली राहणे म्हणजे काय, हे त्याला चीनमध्ये जाऊन शिकावे लागले नाही.

चित्रपटात येत नाहीत ते वाटेतले पाच महिने. ग्वांगझूहून चांगशा, तिथून हानकौ, मग इचांग, मग यांगत्से नदीतून वर चोंगचिंग. मागे शहरे पडत होती. ग्वांगझू २१ ऑक्टोबरला जपान्यांच्या हाती गेले, पाठोपाठ चारच दिवसांत वुहान गेले. पथक जिथे काम मांडायचे, तिथून काही आठवड्यांत उठायचे. चोंगचिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान भेटले. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हे अक्षर जोडले. कोटणीसांचे झाले ‘के दि-हुआ’. याच सुमारास सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. परत जा, असे सोबत्यांनी सुचवले. ते पुढे निघाले, उत्तरेला, शिआन आणि येनानच्या दिशेने.

येनान म्हणजे पिवळ्या मातीचा डोंगराळ मुलूख. ही माती इतकी मऊ की कुदळीने खणता येते आणि इतकी घट्ट की खणलेली कमान वर्षानुवर्षे उभी राहते. लोक तिच्यात घरे कोरून राहतात. पुढच्या बाजूला लाकडी चौकट, खिडकीला काचेऐवजी कागद, आत मातीचा ओटा आणि ओट्याखालून चुलीचा धूर नेलेला, म्हणजे थंडीत झोपायला ऊब. दवाखानेही अशाच गुहांत होते. धाराशिवच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. गावाबाहेरची लेणी आपण लहानपणापासून पाहतो. आपली लेणी दगडात, साधूंसाठी. ती मातीत, जखमी सैनिकांसाठी. विमाने बाँब टाकत असताना डोंगराच्या पोटातली खोली हाच सगळ्यांत सुरक्षित वॉर्ड होता.

आणि तिथले रोजचे अन्न राळे.

उत्तर चीनच्या कोरड्या डोंगरात भात पिकत नाही, राळे पिकते. येनानच्या सैन्याची ओळखच ‘राळे आणि रायफल’ अशी सांगितली जाते. सोलापूर भागात भोगीला राळ्याचा भात करतात. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, मिसळीची भाजी आणि राळ्याचा भात ज्यांच्या ताटात पडेल, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की वर्षातून एकदा सणाला शिजणारे हे धान्य कोटणीसांच्या पुढ्यात तिथे वर्षाचे बारा महिने होते. परदेशात राहणाऱ्याला घर आठवते ते ताटावरून. त्यांच्या वाट्याला घरचे धान्य आले, फक्त मायेचा हात नव्हता.

नोव्हेंबर १९३९ मध्ये ते आघाडीकडे निघाले. चोळकर आणि मुखर्जी तोवर भारतात परतले होते. पीत नदी ओलांडायची, जपान्यांच्या ताब्यातले रेल्वेमार्ग रात्रीच्या अंधारात पार करायचे, दिवसा लपायचे, खेचरावर सामान आणि माणूस पायी. अखेर ते शान्सी-छाहार-होपे या सीमावर्ती मुलखात पोहोचले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून तिथे काम करत होते, पण १२ नोव्हेंबरलाच त्यांचा मृत्यू झाला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून रक्तात विष भिनले होते. त्यांची जागा पुढे कोटणीसांनी घेतली. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

या दोघांत एक फरक आहे आणि या लेखाचा सगळा भर त्यावर आहे. बेथ्यून थोर डॉक्टर होते, पण शेवटपर्यंत दुभाष्याच्या मदतीने बोलले. कोटणीस चिनी शिकले. नुसते रोग्याला ‘कुठे दुखते’ विचारण्यापुरते नाही. ते चिनीत वर्ग घेऊ लागले, लिहू लागले, शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक त्यांनी चिनीत लिहिले आणि दुसरे हाती घेतले, ते अपुरे राहिले. गावकरी त्यांना ‘के दायफू’, म्हणजे के डॉक्टर, म्हणत. जपानी फौजा गावे झाडून काढत असताना दवाखाना एका जागी राहत नव्हता. आज देवळात, उद्या कोणाच्या ओसरीवर. अशा वेळी शेतकऱ्याने दार उघडायचे की नाही, हे दारावर थाप मारणारा कोणत्या भाषेत बोलतो यावर ठरते. एका मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. ते त्यांच्या हातांचे कौशल्य. पण गावोगाव फिरता आले, ते जिभेने.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची भेट क्वो छिंग-लान यांच्याशी झाली. त्या परिचारिका होत्या, रुग्णालयाच्या शाळेत शिकवत. १९४१ मध्ये लग्न झाले, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिन-हुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला तांग तालुक्यातल्या कोकुंग गावी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. तोही वैद्यकशास्त्र शिकत असताना १९६७ मध्ये वारला. क्वो छिंग-लान मात्र दीर्घायुषी झाल्या; २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलापूरच्या सासरशी त्यांनी नाते तोडले नाही, त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या.

चीनमध्ये राहून चिनी शिकलेले आणखी एक मराठी नाव आहे, वसंत परांजपे. १९४७ मध्ये भारत सरकारने पेकिंगला पाठवलेल्या विद्यार्थ्यांत ते होते, आणि पुढे नेहरू व चिनी नेत्यांच्या भेटीत दुभाषे म्हणून बसले. अलीकडच्या काळात विजय गोखले आणि गौतम बंबावाले हे दोन मराठी अधिकारी लागोपाठ बीजिंगमध्ये भारताचे राजदूत होते. म्हणजे वाट मोडलेली नाही. ती रुंद मात्र झालेली नाही.

आज नोकरीसाठी चीनमध्ये जाणाऱ्याची वाट कागदांची आहे. ‘झेड’ व्हिसावर उतरायचे, तीस दिवसांच्या आत निवासाचा परवाना काढण्यासाठी अर्ज करायचा, भाड्याच्या घरात राहिलात तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद. पासपोर्ट हेच रेल्वेचे तिकीट. त्याच क्रमांकावर आरक्षण होते आणि तोच दाखवून फलाटावर जाता येते. एवढे झाले की शनिवार-रविवारात हजार किलोमीटर जाऊन परत येता येते, ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण तिबेटला जायचे तर चीनमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी माणसालाही वेगळा परवाना आणि संस्थेमार्फत आखलेला दौरा लागतोच. लहान गावात मुक्कामाची पंचाईत होत असे, कारण अनेक लॉज परदेशी माणसाची नोंद करायला तयार नसत. २०२४ मध्ये सरकारने, या कारणाने कोणाला परत पाठवू नका, असे बजावले. शांघाय आणि शेन्झेनच्या पलीकडचा चीन पाहायचा तर अजूनही गरज तीच आहे, जी १९३९ मध्ये होती. भाषा.

वेळही निवडावी लागते. २०२६ चे चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला. दरवर्षी नववर्षाच्या आगेमागे चाळीस दिवस शहरांतले कोट्यवधी कामगार गावाकडे जातात आणि परत येतात. जगात माणसांची याहून मोठी वार्षिक ये-जा नाही. बहुतेक परदेशी पाहुण्यांना या गर्दीपासून लांब राहण्याचा सल्ला मिळतो. आपल्या भागातल्या माणसाने उलट ती पाहावी. दसरा-दिवाळी झाली की भूम, परंडा, वाशी, कळंबमधून ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड घेऊन निघतात, म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे ठेवतात. हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या चिनी गाडीतले पिशव्यांचे ढीग आणि पोराला वर्षाने भेटणारी आई वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हळवा भाग विद्यार्थ्यांचा आहे. २०२० मध्ये चीनची दारे बंद झाली तेव्हा २३ हजारांवर भारतीय विद्यार्थी तिथल्या विद्यापीठांत नोंदलेले होते, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे. सुट्टीला घरी आलेली मुले घरीच अडकली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचे व्हिसा पुन्हा सुरू होईपर्यंत शवविच्छेदनापासून रुग्ण तपासण्यापर्यंत सगळे मोबाइलच्या पडद्यावर. ज्या देशात एका मराठी डॉक्टरने मशाली-कंदिलाच्या उजेडात विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली, त्याच देशाची पदवी घेणाऱ्या आपल्या मुलांना रोगी दोन वर्षे दिसला नाही, याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही. आता जे जातील त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट करावी: इंग्रजी माध्यमाच्या वर्गावर भिस्त ठेवू नये. वर्ग इंग्रजीत असला तरी खाटेवरचा रोगी चिनीतच बोलतो. पहिल्या वर्षापासून भाषा पक्की करा. आणि सुट्टीत एकदा होपे प्रांतात शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत जाऊन या. तिथे कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे.

शिआन-येनानची गाडी धावू लागली. आपला सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापुरात जाहीर केला. त्याचे काम अजून चालू आहे. ते लवकर पुरे व्हायला हवे, आणि हे पुन्हा पुन्हा बोलायला हवे. तोवर रस्ता आहेच. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरग्याहून माणसे रोज दवाखान्यासाठी सोलापूरला जातात. पुढच्या खेपेला तासभर हाताशी असेल तर भैय्या चौकात उतरा. डॉ. कोटणीसांचे घर तिथे स्मारक म्हणून जपले आहे. सोबत शाळेतले पोर असेल तर त्यालाही आत न्या.