मानवतावादी मदतकार्यातील वाहनताफ्याचे व्यवस्थापन

भूकंप, दुष्काळ, युद्ध अशा संकटांत मदत पोहोचवणाऱ्या संस्थांनी वाहने मिळवणे, ती सुस्थितीत राखणे व वेळीच विकून टाकणे, या कामास वाहनताफ्याचे व्यवस्थापन म्हणतात. वेतनाखालोखाल अशा संस्थांचा मोठा खर्च वाहनांवर होतो. देणगीदाराला मात्र गाडी दिसते. तिचे इंधन, टायर आणि चालकाचे प्रशिक्षण सहसा दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस व रेड क्रेसेंट महासंघाने १९९७ साली सुरू केलेली भाडेपद्धती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वेगवेगळ्या देणग्यांतून आलेल्या निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या एकाच ठिकाणी जमल्या, की सुटे भागही मिळत नाहीत आणि जाणकार कारागीरही. भाडेपद्धतीत ठरावीक बनावटीच्या गाड्या महासंघाच्या मालकीच्या राहतात व त्या वापरणारी मोहीम दरमहा भाडे भरते. साहजिकच बिनकामाची गाडी दारात उभी ठेवणे महाग पडते.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी पाच वर्षांनी किंवा १,५०,००० किलोमीटर धावल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बदलावी, असा महासंघाचा दंडक आहे. चालती गाडी विकणे वरकरणी उधळपट्टी वाटते. परंतु जुन्या गाडीची किंमत घटत जाते आणि दुरुस्ती वाढत जाते. दुर्गम वाटेवर ती बंद पडली, तर औषधे रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत, आणि हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत नोंदले जात नाही.

जागतिक अन्न कार्यक्रम, वर्ल्ड व्हिजन व हा महासंघ यांच्या पुढाकाराने २००३ साली स्थापन झालेला ‘फ्लीट फोरम’ मदतसंस्थांमध्ये अशा अनुभवांची देवाणघेवाण घडवून आणतो.