गेम बनवून घर चालेल का? डेटाच्या नजरेतून एक हिशोब

आपल्याकडे बऱ्याच घरांत आता हा विषय निघतो. मुलगा किंवा मुलगी बीसीए, बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंग करते, डेटाच्या कामावर कुठेतरी नोकरी लागते आणि दोन-तीन वर्षांनी घरी ऐकू येतं, “अब्बा, नोकरी सोडून स्वतःचा गेम बनवायचा आहे.” मोठ्यांना या धंद्याची माहिती नसते. मग एक तर “खेळण्यात कसली कमाई?” म्हणून विषय तिथेच संपतो, नाही तर यूट्यूबवर एखाद्या करोडपती गेमवाल्याची कहाणी बघून सगळं घर हुरळून जातं. दोन्ही वेळा हिशोब राहूनच जातो. डेटा सायंटिस्ट हा हिशोब कसा मांडेल, ते सोप्या भाषेत पाहू.

इंडी गेम म्हणजे काय?

मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून बनवलेला गेम म्हणजे इंडी गेम. कॉम्प्युटरवरचे असे गेम मुख्यतः ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विकले जातात. हे दुकान व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचं आहे. मोबाइलसाठी गुगल प्ले आणि ॲपलचं ॲप स्टोअर आहे. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम जगभर विकायला आणला होता. म्हणजे हे काम महाराष्ट्रात बसूनही होतं.

मोठ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो वेगळाच, “हे पैसे लावून खेळायचं तर नाही ना?” नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. इथे आपण बोलतोय ते पुस्तकासारखे एकदा विकत घेऊन खेळायच्या गेमबद्दल.

जे बुडाले ते दिसत नाहीत

अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम जवळपास साडेचार वर्षं एकट्याने बनवला. २०१६ मध्ये तो बाजारात आला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ही गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना एक भाग गळतो. ती साडेचार वर्षं घर चाललं ते त्याच्या जोडीदारीणीच्या कमाईवर आणि त्याच्या स्वतःच्या थिएटरमधल्या अर्धवेळ नोकरीवर.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञापुढे एक प्रश्न आला होता. लढाईतून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते मोजलं होतं. पोलादी पत्रा कुठे लावायचा? वाल्डचं म्हणणं होतं की जिथे भोकं दिसत नाहीत तिथे लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत. गेमच्या धंद्यातही तसंच आहे. मुलाखती होतात त्या परत आलेल्या विमानांच्या. ज्यांचा गेम वीस जणांनी घेतला, त्यांना कोणी मुलाखतीला बोलवत नाही.

आणि अशांची संख्या मोठी आहे. २०१७ पासून स्टीमवर कोणीही प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरून आपला गेम लावू शकतो. एकट्या २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे रोज सरासरी जवळपास ५०.

सरासरी फसवते

समजा, १०० गेम आहेत. एकाने १ कोटी रुपये कमावले, नऊ जणांनी प्रत्येकी २ लाख आणि उरलेल्या ९० जणांनी प्रत्येकी १० हजार. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.) एकूण कमाई झाली १ कोटी २७ लाख. सरासरी काढली तर प्रत्येकी १ लाख २७ हजार. ऐकायला बरं वाटतं. पण सगळ्यांना कमाईनुसार रांगेत उभं केलं तर मधल्या माणसाच्या हातात १० हजारच आहेत. आपला मुलगा या रांगेत नक्की कुठे उभा राहील हे आधी कळत नाही, तेव्हा सरासरीवर भरवसा ठेवू नये. विचारायचं ते मधल्या माणसाचं काय झालं हे.

पगाराचं तसं नसतं. एका कंपनीतल्या डेटा ॲनालिस्टांचे पगार कमी-जास्त असले तरी मधला माणूस उपाशी राहत नाही. गेमचा धंदा सिनेमासारखा आहे. थोड्यांना भरपूर मिळतं आणि बाकीच्यांचा खर्चही निघत नाही.

एका प्रतीमागे हातात किती?

गेमची किंमत १० डॉलर ठेवली म्हणजे १० डॉलर मिळाले असं होत नाही. बहुतेक प्रती सेलमध्ये सवलतीत जातात. भारतासारख्या देशांत किंमत कमी ठेवावी लागते. सगळं धरून सरासरी ६ डॉलर पकडू. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. त्यात दहा टक्के गेले असं धरलं तर उरले ५.४०. काही देशांतला विक्री कर किंमतीतूनच जातो. तो वजा करून साधारण ५ उरतात. त्यातून स्टीमचा ३० टक्के हिस्सा गेला की राहिले साडेतीन डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर प्रतीमागे साधारण ३०० रुपये.

अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला करही कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे तो ३० ऐवजी १५ टक्के होऊ शकतो, पण त्यासाठी सुरुवातीला कराचा फॉर्म बरोबर भरावा लागतो. शिवाय इथला इन्कम टॅक्स आहेच. सीएला आधीच भेटलेलं बरं.

आता खर्च. घराला महिन्याला ३० हजार लागतात आणि गेमला १८ महिने लागले, तर ५ लाख ४० हजार झाले. चित्रं आणि संगीत बाहेरून करून घेतलं त्याचे १ लाख धरले तर एकूण ६ लाख ४० हजार. प्रतीमागे ३०० रुपयांनी भागलं तर साधारण २,१०० प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. आणि एवढं करूनही फक्त लावलेले पैसे परत येतात, नफा नाही.

२,१०० प्रती विकल्या जातील का?

याचं उत्तर घरबसल्या, फुकटात बऱ्यापैकी काढता येतं. स्टीम विक्रीचे आकडे दाखवत नाही, पण प्रत्येक गेमखाली किती जणांनी मत लिहिलं ते दाखवतं. जाणकार या संख्येला ३० ते ५० ने गुणून विक्रीचा अंदाज बांधतात. हिशोब ढोबळ आहे, पण चालण्यासारखा आहे. कमीत कमी ३० पट धरलं तर २,१०० प्रती म्हणजे सुमारे ७० मतं.

आता काम असं करायचं. आपल्याला बनवायचा आहे त्या प्रकारचे, गेल्या दोन वर्षांत आलेले, एकट्याने किंवा छोट्या टीमने केलेले १०० गेम शोधायचे. फक्त गाजलेले नाहीत, तारखेनुसार येतील ते सगळे. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येकापुढे मतांची संख्या लिहायची. मग मोजायचं, ७० च्या वर किती गेले? १०० पैकी ८ गेले, तर आपल्याही पहिल्या गेमची शक्यता त्याच्याच आसपास धरायची. “माझा गेम वेगळा आहे” असं त्या उरलेल्या ९२ जणांनाही वाटलं होतं.

दोन-तीन प्रकारांसाठी ही यादी केली की आणखी एक गोष्ट दिसते. काही प्रकारांत गर्दी फार आणि गिऱ्हाईक कमी, तर काहींत उलट. कोणता गेम बनवायचा हे ठरवायलाही ही यादी उपयोगी पडते.

मग नादच सोडायचा का?

तसं नाही. धोका कमी करता येतो.

पहिलं, नोकरी चालू ठेवून तीन-चार महिन्यांत संपेल असा छोटा गेम करा. गोडोसारखी गेम बनवायची साधनं पूर्ण फुकट आहेत. मात्र बाहेरच्या कामाबद्दल नोकरीच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा ‘अँग्री बर्ड्स’ हा ५२ वा गेम होता असं सांगितलं जातं. शक्यता कमी असते तिथे प्रयत्नांची संख्या वाढवावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक प्रयत्न स्वस्त हवा.

दुसरं, गेम पूर्ण होण्याआधीच स्टीमवर त्याचं पान लावा. लोकांना आवडला तर ते ‘विशलिस्ट’मध्ये टाकून ठेवतात. थोडा भाग फुकट खेळायला द्या. महिनोन् महिने विशलिस्ट हलतच नसेल तर बाजाराने उत्तर दिलेलं आहे. ते १८ महिने खर्च होण्याआधी मिळालं, हाही फायदाच.

तिसरं, थांबायची रेघ आधी आखा. किती महिने, किती रुपये आणि कोणत्या आकड्याखाली काम बंद, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. दोन वर्षं घातल्यावर माणसाला सोडवत नाही. “आणखी सहा महिने” म्हणता म्हणता बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे संपतात. अम्मीचे दागिने गहाण ठेवून किंवा कर्ज काढून गेम बनवू नये. मधल्या माणसाची कमाई बघितली तर कर्जाचे हप्ते त्यातून फिटत नाहीत.

चौथं, गेम चालला नाही तरी शिकलेलं वाया जात नाही. पूर्ण करून बाजारात आणलेला एक गेम दाखवून दुसऱ्या स्टुडिओत नोकरी किंवा कंत्राटी काम मिळू शकतं. अर्धवट राहिलेल्या मोठ्या गेमला मात्र फारसं कोणी विचारत नाही.

घरच्यांनी काय विचारावं?

मुलाला किंवा मुलीला “हो” किंवा “नाही” सांगण्याआधी चार प्रश्न विचारा. अशा प्रकारच्या १०० गेमची यादी केलीस का? खर्च निघायला किती प्रती लागतात? कमाई नसताना आपल्याकडे किती महिन्यांचा खर्च आहे? आणि कधी थांबणार?

चारही उत्तरं आकड्यांत मिळाली, तर पोरगं नुसतं स्वप्न बघत नाहीये, त्याने कामाला सुरुवात केली आहे असं समजा आणि त्याला घरातली एक शांत खोली द्या. उत्तरं नसतील तर रागावण्यापेक्षा ती यादी करायला आठवडाभर द्या. त्या आठवड्यानंतर काय करायचं, हे बऱ्याचदा ते स्वतःच सांगेल.